डॉक्टर बदलतात, तपासणी चुकवू नका

उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, हे आसपासच्या गावांना पाठ असतं. त्या दिवशी माणसं पहिल्या एसटीने निघतात, केसपेपर काढून बाकावर बसतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार-पाच मिनिटं येतात.

माझ्या धाकट्या भावाचे उपचार अशाच एका ओपीडीत सुरू होते. तिथल्या डॉक्टरांची बदली झाली आणि पद रिकामं राहिलं. जुन्या चिठ्ठीवर लिथियमच्या गोळ्या मिळत राहिल्या. रक्ततपासणी करायला सांगणारं मात्र कुणी उरलं नाही. पुढे त्याचे हात थरथरू लागले, उलट्या सुरू झाल्या, चहाचा कप तोंडापर्यंत नेता येईना. लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढलं होतं.

दोष एकट्या कुणाचा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचं दिसलं. लाख लोकांमागे किमान तीन मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आपल्याकडे एकही पुरा पडत नाही. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी.

म्हणून घरच्यांनीच काही गोष्टी हातात घ्यायला हव्यात. गोळ्यांची मूळ नावं, मात्रा आणि रक्ताचे रिपोर्ट एका वहीत ठेवा. लिथियम चालू असेल तर पुढची तपासणी कधी, हे दर भेटीत विचारून लिहून घ्या. जुलाब-उलट्या झाल्या किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घ्यायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टर नाहीत म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. रुग्णालयात मानसोपचार परिचारिका किंवा समाजसेवक असतील तर त्यांची ओळख करून घ्या. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मात्र हात थरथरणं, तोल जाणं, गुंगी अशी लक्षणं दिसली तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

तज्ज्ञ कमी असले, तरी त्यांच्या मदतीला माणसं घडवता येतात, हे गोव्याने दाखवलं आहे. तिथल्या सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांमुळे नैराश्य आणि चिंतेचे अधिक रुग्ण बरे झाले. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर आजारांना तज्ज्ञ लागतातच, पण त्यांच्यावरचा भार असा हलका करता येतो.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क ठरवला आहे. जिल्ह्यात मानसोपचाराची किती पदं मंजूर आहेत आणि किती रिकामी, ही माहिती माहितीच्या अधिकारात मिळते. आपल्या जिल्ह्याची जरूर मागवा आणि आमदारांपुढे ठेवा.