खळ्यावरचे राजकारण

राज्यशास्त्र हा विषय मी घेतला तेव्हा घरी कुणी हरकत घेतली नाही, कारण तो कशाशी खातात हे घरी कुणालाच ठाऊक नव्हते. पण 'राजकारण अडाण्याला कळत नाही' असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्याचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

खोत हा मूळचा सरकारसाठी सारा वसूल करणारा. पुढे तो गावचा धनीच होऊन बसला. कुळाने घाम गाळून पिकवलेल्या भाताचा निम्मा हिस्सा, कुठे तिसरा हिस्सा खळ्यावरूनच खोताच्या घरी जाई. वर वेठ निराळी. (लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून खोतांची बाजू मांडली होती. त्यांच्या जन्मगावी शिकणाऱ्या आपल्याला हे सहसा कुणी सांगत नाही.)

१४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. पुढे १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला नुकसानभरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळावा, असा त्याचा आशय होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. त्यात कोकणातली कुळे मोठ्या संख्येने होती. कुणबी आणि महार, एरवी एका पाणवठ्यावर न येणारे, एकाच मागणीसाठी एका रांगेत चालले.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या वेळी मताचा अधिकार सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांवर अवलंबून होता. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम तीन कोटी मतदार होते. म्हणजे मोर्चातल्या अनेकांना मतच नव्हते! तरीही ते राजकारण त्यांना कळले. कसे कळले? माझ्या मते, त्यांच्यापुढे आधी घटना, कलमे, स्वराज्य हे शब्द ठेवले गेले नाहीत. आधी भाताचा हिशेब ठेवला गेला. पायली कुणाची आणि माप कुणाच्या हातात, एवढे ज्याला कळते त्याला राज्यसंस्था म्हणजे काय हे शिकवायला फार वेळ लागत नाही. शिवाय निम्मे कोकण मुंबईच्या गिरण्यांत होते. चाळीत ऐकलेली सभा चाकरमान्याबरोबर आगबोटीने गावी येई.

विधेयक मंजूर झाले नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर स्वतः रत्नागिरीत जन्मलेले, तरीही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

आज मत सर्वांना आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. पंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. मग माझी आई ग्रामसभेला का जात नाही? ती काजूच्या कारखान्यात बी सोलते. सभा सकाळी अकराला. गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही! मग जे मोजके येतात त्यांच्या सहीने गाव चालतो. याला मी अज्ञान म्हणणार नाही. वेळ कुणाच्या सोयीची, हा प्रश्न आहे.

दुसरा अडसर भाषेचा. गेल्या सुट्टीत सभेची नोटीस मी आमच्या पडवीत वाडीतल्या बायकांना वाचून दाखवली. 'पाणीपुरवठा योजनेच्या देखभाल दुरुस्तीच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे.' सगळ्या गप्प. मग म्हटले, "नळाच्या दुरुस्तीला पैसे आधीच खर्च झालेत, आता तुमची संमती मागतायत." त्यावर शेजारची काकी ताडकन म्हणाली, "दुरुस्ती कधी झाली? चैतापासून आमच्या नळाला थेंब नाही!" पाठ्यपुस्तकात 'कार्यकारी मंडळावरील नियंत्रण' या प्रकरणाला बारा पाने आहेत. काकीला एक वाक्य पुरले.

त्या सभेला वाडीतल्या तीन बायका मजुरी बुडवून गेल्या. काकीने उभे राहून तोच प्रश्न विचारला, बिल कुणी पाहिले तेही विचारले. उत्तर पुढच्या सभेत देऊ असे सांगण्यात आले. नंतर मी इतिवृत्ताची वही मागून पाहिली. काकीचे नाव त्यात नव्हते, प्रश्नही नव्हता. लिहिले होते, 'पाणीटंचाईबाबत चर्चा झाली.' पुढच्या सभेला बायकांनी आपला प्रश्न माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आहे. खाली सात अंगठे आणि चार सह्या आहेत.