एक नदी, अनेक जिल्हे

पूर, वादळ यांसारख्या आपत्तींपासून आपल्या वस्तीचे रक्षण करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे एक मूलभूत कर्तव्य मानले जाते. परंतु नगरपालिका असो वा जिल्हा परिषद, प्रत्येकीचे अधिकार तिच्या हद्दीपुरतेच असतात. आणि पूर मात्र बहुधा त्या हद्दीबाहेर जन्म घेतो. ज्या डोंगरउतारांवरून पाणी वाहून येते ते एका संस्थेच्या ताब्यात, ज्या बाजारपेठेत ते शिरते ती दुसरीच्या. अशा वेळी शहाणपणाची योजनासुद्धा एकट्या संस्थेच्या हाताने पुरी होत नाही. ही अडचण कशी सोडविता येते, आणि ती सोडविताना कोणाला काय सोसावे लागते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका नदीखोऱ्याचा इतिहास विशेष उपयुक्त आहे.

ग्रेट मायामी नदी ओहायोच्या नैर्ऋत्य भागातून दक्षिणेकडे वाहते. पिक्वा, ट्रॉय, डेटन, मिडलटाऊन, हॅमिल्टन ही गावे वरून खाली अशा क्रमाने तिच्या काठी वसली आहेत. यांपैकी डेटनची स्थिती सर्वांत बिकट. स्टिलवॉटर आणि मॅड या दोन उपनद्या याच शहरात मुख्य नदीस मिळतात. विमानाचे जनक राईट बंधू येथलेच. पुढे सांगितलेल्या पुरात त्यांच्या पहिल्या उड्डाणांची काचेवरील छायाचित्रेही भिजून खराब झाली.

१९१३ च्या मार्च महिन्यात, ईस्टरच्या सुमारास, या खोऱ्यात तीन दिवसांत सुमारे आठ ते अकरा इंच पाऊस पडला. जमीन आधीच भिजलेली होती. पाणी मुरण्यास वावच उरला नव्हता. नदीकाठचे मातीचे बांध फुटले आणि डेटनच्या मध्यवस्तीत काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत पाणी चढले. गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. चहूकडे पाणी असताना त्या विझविता मात्र येईनात. लोक माळ्यांवर आणि छपरांवर अडकून पडले. शहरातील एका मोठ्या कारखान्याने आपले सुतार होड्या बनविण्याच्या कामी लावले आणि त्या होड्यांमुळे अनेकांचे प्राण वाचले. खाली हॅमिल्टन येथे नदीवरील चारही पूल वाहून गेले. संपूर्ण खोऱ्यात तीनशे साठहून अधिक माणसे दगावली असे मानले जाते.

पुरानंतर दोनच महिन्यांत डेटनच्या नागरिकांनी वर्गणीने वीस लाख डॉलरहून अधिक निधी उभारला. माळ्यावर बसून जे मनाशी ठरविले ते विसरू नका, अशा आशयाचे आवाहन या मोहिमेत केले जात होते. मात्र या टप्प्यावर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते ते फक्त डेटन. नदीचे पात्र शहरापुरते रुंद व खोल करावे, बांध उंच करावेत, म्हणजे काम भागेल, अशीच सर्वसाधारण कल्पना होती.

या कामासाठी नेमलेले अभियंते आर्थर मॉर्गन यांनी ही कल्पना तपासून पाहिली आणि बाजूस सारली. शहरातून एवढे पाणी सुखरूप वाहून न्यायचे तर पात्र इतके रुंदवावे लागेल की त्यात शहराचाच मोठा भाग जाईल, असे गणित निघाले. शिवाय डेटनमधून वेगाने काढून दिलेले पाणी खालच्या गावांच्या उंबरठ्यावर जाऊन पडणार, हे उघड होते. एका गावाचे संरक्षण म्हणजे दुसऱ्या गावाचे संकट, असा हा हिशेब होता. मॉर्गन यांनी युरोपातील नद्यांच्या शेकडो वर्षांच्या पुरांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९१३ च्या पुरापेक्षाही चाळीस टक्के अधिक पाणी आले तरी टिकेल अशी योजना संपूर्ण खोऱ्यासाठी आखली.

या योजनेचा गाभा म्हणजे पाच कोरडी धरणे. आपल्याकडे धरण म्हटले की भरलेला जलाशय डोळ्यांसमोर येतो. म्हणून या धरणांची रचना थोडी समजावून घेतली पाहिजे. मातीच्या प्रचंड भिंतीच्या तळाशी काँक्रीटची भुयारे ठेवलेली असतात. त्यांना दारे नसतात. एरवी नदी या भुयारांतून जणू भिंत नाहीच अशा रीतीने वाहते आणि मागची जमीन शेतीस मोकळी राहते. पूर आला की भुयारांतून मावेल तेवढेच, म्हणजे खालच्या पात्रास सोसेल तेवढेच, पाणी पुढे जाते. उरलेले भिंतीमागे पसरते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. दार उघडावे की लावावे हा निर्णय ऐन संकटात कोणा माणसावर सोपविलेला नाही. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर अठराव्या शतकात याच तत्त्वावर बांधकाम झाले होते आणि मॉर्गन यांना ते ठाऊक होते.

पाच धरणांच्या जागाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. टेलर्सव्हिल मुख्य नदीवर, एंगलवुड स्टिलवॉटरवर आणि हफमन मॅड नदीवर. ही तिन्ही डेटनच्या वर आहेत. लॉकिंग्टनचे धरण मात्र पिक्वाच्याही वर, एका लहान प्रवाहावर आहे. पिक्वा आणि ट्रॉय यांना त्याचा थेट लाभ मिळतो. जर्मनटाऊनचे धरण ज्या ओढ्यावर आहे तो डेटनच्या खाली नदीस मिळतो. म्हणजे ज्या शहराने सर्वांआधी पैसा उभा केला त्याला या धरणाचा काहीच उपयोग नाही. ते मिडलटाऊन आणि हॅमिल्टन यांच्यासाठी आहे.

आराखडा झाला, परंतु तो अमलात आणण्याचा अधिकार कोणाला? डेटनची नगरपालिका दुसऱ्या जिल्ह्यात जमीन संपादन करू शकत नव्हती. यासाठी नवा कायदाच करावा लागला. तो १९१४ च्या फेब्रुवारीत संमत झाला. त्यावर स्वाक्षरी करणारे राज्यपाल जेम्स कॉक्स स्वतः डेटनचे होते. या कायद्याने नदीखोऱ्याच्या मर्यादेत काम करणारी स्वतंत्र संस्था स्थापन करता येऊ लागली. जमीन घेणे, रोखे काढणे, कर बसविणे हे अधिकार तिला मिळाले.

वरच्या भागातील जिल्ह्यांनी याला कडाडून विरोध केला. हा विरोध निव्वळ हट्टाचा होता असे समजणे अन्यायाचे ठरेल. धरणांमागे सुमारे पस्तीस हजार एकर जमीन पुराच्या वेळी पाण्याखाली जाणार होती आणि ती बहुतांशी सुपीक शेतजमीन होती. शेतकऱ्याच्या शेतात पाणी साठवून व्यापारी शहर कोरडे ठेवायचे, असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला. आणखी एक भीती होती. पेनसिल्व्हेनियात १८८९ साली धरण फुटून जॉन्सटाऊन शहरात दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. ती आठवण अद्याप ताजी होती. (पुण्याने १९६१ साली पानशेत अनुभवले आहे, तेव्हा ही भीती मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.)

विरोध मोडून काढण्यापेक्षा त्याला बोलण्याची जागा देणे, हे या कायद्याचे खरे वैशिष्ट्य. संस्था स्थापन करावी की नाही, योजना मंजूर करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार एका खास न्यायालयाकडे होता आणि त्यात संबंधित प्रत्येक जिल्ह्यातून एक न्यायाधीश बसत असे. मोठ्या शहराच्या जिल्ह्याला एक मत, लहान जिल्ह्यालाही एकच. १९१५ च्या जून महिन्यात या न्यायालयाने संस्थेच्या स्थापनेस मान्यता दिली. तिच्या संचालक मंडळावर तिघे नेमले गेले: डेटनचे एडवर्ड डीड्स, ट्रॉयचे हेन्री ॲलन आणि हॅमिल्टनचे गॉर्डन रेंट्शलर. मध्य, वर आणि खाली अशा तिन्ही भागांची माणसे त्यात आली. योजनेवर दीर्घ सुनावणी झाली, हरकती नोंदविल्या गेल्या, दावेही लढविले गेले. अखेर १९१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा वैध ठरविला. पुरापासून पहिली कुदळ पडेपर्यंत जवळजवळ पाच वर्षे गेली. अधीर वाचकास हा विलंब वाटेल. प्रस्तुत लेखकास मात्र तो योजनेचाच एक भाग वाटतो.

खर्चाची वाटणी हा सर्वांत नाजूक प्रश्न होता. एकूण खर्च तीन कोटी डॉलरहून अधिक आला आणि केंद्र सरकारने त्यात काहीही घातले नाही. ज्याला जेवढा लाभ तेवढा त्याचा वाटा, हे तत्त्व ठरले. खोऱ्यातील प्रत्येक मालमत्तेची पाहणी करून, योजनेमुळे तिची किंमत किती वाढेल याचा अंदाज बांधण्यात आला आणि त्या प्रमाणात आकारणी झाली. सार्वजनिक लाभापोटी शहरांनी आणि जिल्ह्यांनीही आपापला वाटा उचलला. ज्यांचे नुकसान होणार त्यांना भरपाई मिळाली. धरणांमागील बरीच शेते संस्थेने विकत घेतली आणि पुढे पूरपाणी साठविण्याचा हक्क राखून ती पुन्हा शेतीसाठी विकली. नव्या मालकाला शेत पिकविण्याची मोकळीक होती, घर बांधण्याची मात्र नव्हती.

पैशाने सर्वच भरून निघाले असे नाही. हफमन धरणामागे ऑसबर्न नावाचे गाव होते. ते उठवावे लागले. गावकऱ्यांनी आपली सुमारे चारशे घरे लाकडी ओंडक्यांवरून आणि चाकांवरून ओढत काही मैलांवर, फेअरफील्ड गावाच्या शेजारी नेली. पुढे १९५० साली ही दोन्ही गावे एक होऊन फेअरबॉर्न हे नाव रूढ झाले. ऑसबर्न हे नाव कारभाराच्या नकाशावरून गेले. राईट बंधू जेथे उड्डाणाचा सराव करीत ते कुरणही याच धरणाच्या पूरक्षेत्रात आहे. तेथे वस्ती न झाल्यामुळे ते आजही मोकळे राहिले आहे.

१९२२ साली बांधकाम पूर्ण झाले. तेव्हापासून या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पाणी अडविले आहे. त्यांतील सर्वांत मोठे प्रसंग १९५९ आणि २००५ च्या जानेवारीत आले. दोन्ही वेळा डेटन कोरडे राहिले.

आर्थर मॉर्गन पुढे १९३३ साली टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. त्या प्राधिकरणाच्या धर्तीवर भारतात १९४८ साली दामोदर खोरे निगम उभे राहिले. त्याच वर्षी मॉर्गन स्वतः डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाचे सदस्य म्हणून भारतात आले होते. तथापि टेनेसी आणि दामोदर या दोन्ही संस्था वरून, सरकारच्या निर्णयाने निर्माण झाल्या. मायामीची संस्था खोऱ्यातील जिल्ह्यांच्या संमतीतून आणि त्यांच्याच पैशातून उभी राहिली. आपल्याकडे अनुकरण झाले ते पहिल्या नमुन्याचे.

भारतात १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्या समाईक प्रश्नांसाठी, पाणीवाटपासह, जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी आपत्ती योजना आवश्यक ठरविली. या दोन्ही तरतुदी जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबतात. आंतरराज्य नद्यांसाठी १९५६ साली नदी मंडळ कायदा झाला, परंतु त्याखाली एकही मंडळ स्थापन झालेले नाही. कृष्णा खोऱ्यात २०१९ साली कोल्हापूर व सांगली जिल्हे पाण्याखाली गेले, तेव्हा चर्चा झाली ती बरीचशी खालच्या राज्यातील अलमट्टी धरणाची, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीतील पाण्याची. ओहायोतील ती पाच-सहा गावेही १९१३ पूर्वी याहून वेगळे काही बोलत नव्हती.

मायामी खोऱ्यातील प्रत्येक धरणावर एक शिलालेख आहे. ही धरणे केवळ पूरनिवारणासाठी आहेत. वीज निर्माण करण्यासाठी किंवा पाणी साठविण्यासाठी त्यांचा वापर केल्यास खालच्या शहरांना धोका पोहोचेल, असा त्याचा आशय आहे. भरलेले धरण पुढे कोणाला तरी फायद्याचे वाटू लागेल, हे बांधणाऱ्यांनी ओळखले होते; आणि कायद्याची कागदपत्रे फारसे कोणी उघडत नाही हेही.