वाचकाची सेवा : ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी



रविवारच्या मिस्सेत पवित्र शास्त्राचे वाचन करणे ही सेवा वरवर पाहता लहान वाटते. पुस्तकापाशी जायचे, दोन-तीन मिनिटे वाचायचे आणि जागेवर येऊन बसायचे. म्हणून पुष्कळ ठिकाणी मिस्सा सुरू होण्याआधी पाच मिनिटे कोणाच्या तरी हातात पुस्तक दिले जाते. आपल्या पाड्यांवर मात्र ही सेवा मुळीच लहान नाही. समोर बसलेल्या कितीतरी आजी-आजोबांना अक्षरओळख नाही. त्यांच्या घरी बायबल असले तरी ते उघडून वाचणार कोण? त्यांच्यापर्यंत शास्त्र पोहोचते ते कानांनीच. वाचकाने गडबडीने वाचले, तर त्या आठवड्यापुरते त्यांचे बायबल बंदच राहते.

शास्त्र काय शिकवते?

नहेम्याच्या पुस्तकाचा ८ वा अध्याय उघडा. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, समजण्याइतकी मोठी मुलेही आहेत. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लेवी लोकांना त्याचा अर्थ उलगडून सांगतात. ऐकता ऐकता लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की शोक करू नका. घरी जाऊन आनंदाने जेवा आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटा पाठवा. लोक तसेच करतात, कारण वाचलेले त्यांना समजले होते. नीट झालेले वाचन शेवटी गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचते, हे या अध्यायात स्पष्ट दिसते.

लूकच्या ४ थ्या अध्यायात खुद्द प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात वाचनासाठी उभा राहतो. यशयाच्या ग्रंथातून तो वाचतो तो भागही दीनांना शुभवार्ता सांगणारा आहे. वाचनासाठी उभे राहताना आपण प्रभूने केलेलीच सेवा करत असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन याने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले. त्यात प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची लिखाणे वाचणाऱ्या वाचकाचा उल्लेख आहे. म्हणजे ही सेवा फार जुनी आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेत शास्त्र वाचले जाते तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलत असतो, अशी त्याची शिकवण आहे. या परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले : पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. शुभवर्तमान डीकन किंवा धर्मगुरू वाचतात; त्याआधीची वाचने वाचकाची. ज्याला अक्षर येत नाही, पण जो दर रविवारी मिस्सेला येतो, त्याच्या कानावर तीन वर्षांत शास्त्राचे महत्त्वाचे भाग पडतात. मात्र ते नीट वाचले गेले पाहिजेत.

१९७२ साली पोप पॉल सहावे यांनी वाचकाची सेवा रीतसर प्रापंचिक पुरुषांसाठी खुली केली. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती स्त्रियांसाठीही खुली केली.

तयारी कशी करावी?

१. वाचन आठवडाभर आधी घ्या. आधी प्रार्थना करा, मग त्या उताऱ्याच्या मागचा-पुढचा भाग वाचा. कोण बोलतो आहे, कोणाशी, कोणत्या प्रसंगी, हे समजून घ्या. स्वतःला न समजलेले वाचन दुसऱ्याला समजत नाही.

२. मलकीसदेक, नबुखद्नेस्सर, थेस्सलनीकाकर अशी नावे मोठ्याने दहा वेळा म्हणा. अडले तर फादर, सिस्टर किंवा कॅटेकिस्ट यांना विचारा.

३. घरातील न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवा आणि काय ऐकले ते विचारा. यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

४. सावकाश वाचा. वाक्य संपले की थांबा. नजर शेवटच्या रांगेकडे असू द्या. बहुधा म्हातारी माणसे तिथेच टेकून बसलेली असतात. वीज गेली तर माइक बंद पडेल, म्हणून खणखणीत आवाजाचा सराव ठेवा आणि बॅटरी जवळ ठेवा.

५. पुस्तकातील लाल अक्षरांतील सूचना वाचायच्या नसतात. वाचन संपल्यावर क्षणभर थांबून मगच शेवटची घोषणा करा.

६. शब्द आपल्या मनाने बदलू नका. वारली, कोकणा किंवा पावरी घरातून आलेल्यांना पुस्तकी मराठी जड जाते, हे खरे. त्यासाठी फादरांच्या परवानगीने मिस्सेआधी दोन वाक्यांत, त्यांच्या बोलीत, वाचनाचा विषय सांगता येतो.

वाचक कोण असावा?

आपल्याकडे वाचन बहुधा शिक्षकाकडे किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्याकडे जाते. सणाच्या दिवशी तर ते मानपानाचे होते. पाड्यावरची दहावीला गेलेली मुलगी मात्र मागेच बसते. ती अडखळेल, अशी आपल्याला भीती वाटते. तिला दोन आठवडे आधी वाचन द्या, कोणीतरी तिच्याजवळ बसून ऐका आणि मग तिला उभी करा. जिच्या आजीला सही करता येत नाही, तिच्या तोंडून यशयाचे शब्द ऐकताना त्या आजीला काय वाटेल, याचा विचार करा. देवाचा शब्द आपल्याही घरात राहतो, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

चिंतनासाठी प्रश्न

१. गेल्या रविवारचे पहिले वाचन तुम्हांला आठवते का? नसेल तर का?

२. तुमच्या पाड्यावर वाचनाची संधी अजून कोणाला मिळालेली नाही?

३. ऐकलेल्या वचनामुळे या आठवड्यात कोणाच्या घरी वाटा पोहोचला?

प्रार्थना : हे प्रभू, आमचे ओठ शुद्ध कर, आमचे कान उघड आणि तुझा शब्द आमच्या हातांतून गरिबांपर्यंत पोहोचू दे. आमेन.