चीज वितळलं म्हणजे शिजलं असं नाही

विकतचा पिझ्झा आणायचा आणि त्यावर आपल्या घरचं काहीतरी घालायचं, ही पद्धत आता बऱ्याच घरांत रुळली आहे. कुणी कालची भेंडी पसरतं, कुणी मोडाची मटकी, कुणी ठेचा, कोकणातल्या एखाद्या घरी चक्क जवळा. 'डॉक्टर, हे चालतं का?' असं मुलांच्या आया आणि आज्या दवाखान्यात विचारतात. चालतं. नीट केलंत तर नुसत्या विकतच्या पिझ्झ्यापेक्षा बरंच चांगलं होतं. मैद्याचा बेस, सॉस आणि चीज यांत मीठ आणि चरबी भरपूर, पण चोथा नावापुरता. ती उणीव भरून काढायची संधी घरच्या टॉपिंगमध्येच आहे. म्हणून वर काय घालता आणि ते कोणत्या अवस्थेत घालता, याकडे नीट लक्ष द्या.

आधी उष्णतेबद्दल. खोक्यावर छापलेली दहा-बारा मिनिटं त्या खोक्यातल्या पिझ्झ्यासाठी असतात. त्यावर तुम्ही फ्रिजमधली गार भाजी वाटीभर पसरलीत की तो हिशेब उरत नाही. मोझरेला चीज साधारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतं. उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना मात्र ते आतपर्यंत 75 अंशांच्या जवळ जायला हवं. त्यामुळे चीज छान वितळलेलं, कडा खरपूस, आणि मधली चिकनची फोड कोमट, असं सहज घडतं. तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा करणाऱ्यांकडे हे जास्त होतं, कारण खालून करपल्याचा वास आला की आपण लगेच गॅस बंद करतो.

उपाय सोपा आहे. टॉपिंग पिझ्झ्यावर शिजवू नका. चिकन, खिमा, अंडं, कालची भाजी, जे असेल ते आधी कढईत वाफ येईपर्यंत परता, सुटलेलं पाणी आटू द्या आणि मग पसरा. पाणी आटवण्याने बेसही गिच्च होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेली भाजी किंवा भात मात्र पिझ्झ्यावर घालून सत्कारणी लावू नका. काही जंतू अन्नात जे विष सोडून ठेवतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. वीज गेल्यामुळे फ्रीझरमध्ये मऊ पडलेला आणि पुन्हा घट्ट झालेला पिझ्झाही मुलांना देऊ नये.

काही जिन्नसांचं तर नुसतं परतूनही भागत नाही. इटलीत बेसिलची पानं घालतात तशी अळूची कोवळी पानं चिरून घालावीत, असं एखाद्याला सुचू शकतं. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात. आपल्या आज्या अळूला चिंच लावून चांगला शिजवत आल्या, त्याचं कारण हेच. ओव्हनमधल्या दहा मिनिटांत हे काम होत नाही. लहान मुलाचा घसा सुजला तर तो प्रकार घाबरवणारा असतो.

राजम्याची गोष्ट याहून गंभीर. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत जोरदार उलट्या करवू शकतात. भिजवलेला राजमा पाणी बदलून निदान दहा मिनिटं खळखळून उकळला की हे द्रव्य निकामी होतं. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा मात्र कच्च्याइतकाच, कधी त्याहून जास्त त्रास देतो. तेव्हा कुकरमध्ये बोटाने चेपला जाईल इतका शिजलेला राजमाच पिझ्झ्यावर जाऊ द्या. तसा शिजवलात तर चोथा आणि प्रथिनं दोन्ही मिळतात, आणि पिझ्झ्याचे दोन तुकडे खाऊन पोट भरतं.

मोडाच्या कडधान्यांचा मी एरवी पुरस्कर्ता आहे, पण ती कच्ची भुरभुरवू नका. 2011 साली जर्मनीत ई. कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. जवळपास 4000 माणसं आजारी पडली, 50 हून अधिक दगावली. शोध घेता घेता बोट गेलं ते मेथीच्या मोडांकडे. दाण्याच्या खाचेत दडलेले जंतू पाण्याने धुऊन जात नाहीत, आणि मोड येण्यासाठी आपण जी ऊब आणि ओल देतो ती त्यांनाही मानवते. घरी फडक्यात बांधलेल्या मटकीला हाच नियम लागू आहे. चांगली वाफवून घ्या आणि मग खुशाल घाला. गरोदर बायकांनी आणि वयस्कर मंडळींनी तर कच्चे मोड टाळावेतच.

आता मिठाकडे येऊ. ठेचा, लोणचं, पापडाचा चुरा, शेव, फरसाण, खारा सुका मासा: आपल्याला सुचणारी निम्मी टॉपिंगं खारट असतात, आणि ती ज्यावर पडतात तो पिझ्झा आधीच खारट. खोक्याच्या पाठीमागे सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. समजा 100 ग्रॅमला 500 मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ. 200 ग्रॅमचा छोटा पिझ्झा एकट्याने खाल्ला तर अडीच ग्रॅम झालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा 5 ग्रॅमहून कमी आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने त्यावर लोणचं घालावं का, याचं उत्तर या हिशेबातच मिळतं. झणझणीत हवं असेल तर हिरवी मिरची, आलं, लसूण मीठ न घालता वाटा. आंबटपणाला लिंबू पिळा.

जवळा आणि सोडे हे कोळंबीच्याच कुळातले. घरात कुणाला कोळंबीची अॅलर्जी असेल तर एका पिझ्झ्याचे 'यांचा अर्धा, त्यांचा अर्धा' असे भाग करू नका. चुरा उडतो, सुरी तीच असते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाट्यावर अख्खे शेंगदाणे, अख्खे ऑलिव्ह किंवा द्राक्षं नकोत, श्वासनलिकेत अडकतात.

औषधं चालू असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. क्षयरोगाची आयसोनियाझिड ही गोळी चालू असताना पार्मेझानसारखं मुरवलेलं चीज किंवा बांगडा, ट्यूना यांच्यासारखा मासा खाल्ला तर काहींना चेहरा लाल होणं, धडधडणं, डोकं दुखणं असा त्रास होतो. गोळी चालू असेपर्यंत असं टॉपिंग टाळलेलं बरं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक, मेथी, शेवग्याचा पाला अचानक मूठमूठ घालू नये. रोज सारख्या प्रमाणात खाल्लेली पालेभाजी चालते, कमी-जास्त झाली की औषधाचं गणित बिघडतं. बाकीच्यांनी पाला जरूर घालावा. मात्र चीजमधल्या कॅल्शियममुळे त्या जेवणातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून रक्त कमी असलेल्या मुलीला 'पिझ्झ्यावर पालक घातला ना' म्हणून लोहाची गोळी चुकवायला लावू नका.

शेवटी लसणीच्या तेलाबद्दल कळकळीने सांगतो. पिझ्झ्यावर सोडायला म्हणून सोललेल्या लसणीच्या पाकळ्या तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवण्याची टूम आली आहे. लसणीला मातीतून बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू चिकटून येतात आणि तेलाखाली त्यांना हवा नसलेली, आवडती जागा मिळते. विष तयार झालं तरी वास आणि चव बिघडेलच असं नाही. 1985 साली कॅनडात व्हँकुव्हरमध्ये फ्रिजबाहेर ठेवलेल्या अशाच लसूण-तेलामुळे 36 जणांना बोट्युलिझम झाला होता. लागेल तेवढंच तेल ताजं करा. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा किंवा टाकून द्या. असं काही खाल्ल्यावर दुहेरी दिसू लागलं, पापण्या जड होऊन खाली येऊ लागल्या, बोलणं किंवा गिळणं अडखळू लागलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री जा आणि काय खाल्लं ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा.