वाटी मोठी की लहान?

"मला वाचता येत नाही, मी पोराला पुस्तक काय दाखवू?" असं बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात. पण विरुद्ध शब्दांच्या चित्रपुस्तकाला अक्षरओळख लागत नाही. एका पानावर हत्ती, दुसऱ्यावर मुंगी. बोट ठेवा, विचारा, "मोठं कोण?"

तेवढ्यावर थांबू नका. नाहीतर हत्ती म्हणजेच मोठं, असं मूल धरून बसतं. मांडणीवरची वाटी घ्या. चमच्याशेजारी ती मोठी, पातेल्याशेजारी लहान. वाटी तीच! तसाच भरलेला आणि रिकामा हंडा, ओलं आणि सुकं धुणं.

उत्तर चुकलं तर रागावू नका, वस्तू पुन्हा शेजारी ठेवा.

मोबाइलवर 'स्टोरीविव्हर'वर मराठी चित्रपुस्तकं मोफत आहेत. मूल काय म्हणालं, पुढच्या बैठकीत नक्की सांगा.