नांगर कशाला धरतो?

अभ्यासासाठी उतारे : प्रेषितांची कृत्ये २७:९-४४, इब्री लोकांस पत्र ६:१३-२०



दिल्लीला समुद्र नाही. तरीही नांगराचे चिन्ह राजधानीतील वाचकाच्या परिचयाचे आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे फडकविलेल्या भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेल्या अष्टकोनी आकृतीत, नांगर आहे. प्राचीन रोमच्या भुयारी दफनभूमीत आद्य ख्रिस्ती लोकांनीही आपल्या प्रियजनांच्या थडग्यांवर नांगर कोरला. आपणही प्रार्थनेत हा शब्द सहज उच्चारतो. परंतु बोटीसाठी नांगर व साखळी निवडताना काय पाहावे लागते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ते कळले की वरील दोन्ही उतारे नव्याने उमगतात. म्हणून आधी लोखंडी नांगराकडे पाहू.

१. नांगर जमिनीच्या जोरावर धरतो

आरंभीचे नांगर दगडाचे होते. द्वारकेजवळच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना भोके पाडलेले असे अनेक दगडी नांगर सापडले आहेत. नुसता दगड प्रामुख्याने आपल्या वजनाने धरतो, आणि पाण्यात तेही वजन कमी भरते. म्हणून माणसाने नांगराला टोके व पाती बसविली. आपल्या मराठीने शेतातल्या व समुद्रातल्या अवजाराला एकच नाव दिले आहे, आणि ते यथार्थ आहे. दोन्ही नांगर जमिनीत शिरतात. शेतकऱ्याचा पुढे चालतो, खलाश्याचा तेथेच रुतून बसतो. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जेफ्री टेलर यांनी १९३३ साली समुद्रविमानांसाठी नवा नांगर रचला, तो शेतातल्या नांगराच्या फाळासारखाच होता.

म्हणून निवड करताना पहिला प्रश्न असा : तळाशी काय आहे? मऊ गाळ असेल तर रुंद पात्यांचा नांगर हवा. अरुंद टोक गाळातून सरकत जाते. वाळूत फाळाच्या आकाराचा नांगर चांगला रुततो. खडकात चार आकड्यांचा नांगर कपारीत अडकतो. परंतु तो कायमचा अडकून बसू नये म्हणून त्याच्या बुडाला सोडवणुकीची वेगळी दोरी बांधतात. जुने खलाशी पाण्याची खोली मोजण्याच्या शिशाच्या बुडाला चरबी लावीत. तिला चिकटून वाळू आली की चिखल, ते पाहून तळ ओळखीत.

२. साखळीची लांबी

चांगला नांगरही आखूड साखळीने निकामी होतो. बोटीची ओढ वरच्या दिशेने बसली की नांगर उपटला जातो. ती जमिनीलगत आडवी बसली की तो अधिक खोल रुततो. साखळीचे वजन ही ओढ आडवी ठेवते. शिवाय दोर खडकावर घासून तुटतो, साखळी टिकते. म्हणून लहान बोटीवरही, पुढे दोर जोडायचा असला तरी, नांगरालगतचा भाग साखळीचाच ठेवावा.

लांबीचा हिशेब उदाहरणाने पाहू. ओहोटीच्या वेळी पाणी ४ मीटर आहे. भरतीला ते आणखी ४ मीटर चढणार आहे. बोटीची नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. एकूण उंची ९ मीटर झाली. साधारण हवेत तिच्या पाचपट, म्हणजे ४५ मीटर साखळी सोडावी. दोर अधिक असल्यास सातपट, आणि वादळात त्याहूनही जास्त. जो केवळ समोरचे ४ मीटर पाणी पाहून २० मीटर सोडतो, त्याच्याजवळ भरतीच्या वेळी दुपटीहून किंचित अधिकच लांबी उरते. ओहोटीला त्याची बोट स्थिर असते. मध्यरात्री ती वाहू लागते.

जाडीचाही विचार हवा. ८ मिलिमीटर साखळीचे वजन मीटरला सुमारे दीड किलो, तर १० मिलिमीटरचे सव्वादोन किलोच्या आसपास भरते. जाड साखळी मजबूत खरी, पण लहान होडीची नाळ तिच्या भाराने दबते. बोटीला पेलेल आणि वादळाला पुरेल, अशी साखळी निवडावी.

३. सर्वांत कमकुवत कडी

जोडाच्या शॅकलची खीळ सैल होऊन निघू नये म्हणून ती तारेने बांधावी. भोवरकडी तपासावी. कडीची जाडी सुमारे दहाव्या भागाने झिजली असेल, तर साखळी बदलावी. साखळीचे आतले टोक बोटीला पक्के आहे ना, हेही पाहावे; नाहीतर नांगर व साखळी दोन्ही समुद्रात जातात. शेवटी, नांगर टाकला म्हणजे तो धरला असे समजू नये. इंजिन हळूहळू मागे चालवून त्यावर ताण द्यावा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा पाहून बोट सरकत नाही याची खात्री करावी.

इतके करूनही नांगराला मर्यादा असते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ या निवासी बार्जचे नांगर सुटले. तो वाहत गेला व बुडाला. त्यावर २६१ जण होते. तो बार्ज व वरप्रदा ही ओढनौका मिळून ८६ जण मृत्युमुखी पडले. वादळाची सूचना आधीच मिळाली होती. तरीही बार्ज बंदरात आलेला नव्हता. नांगर हा सावधगिरीचा पर्याय नव्हे.

४. उताऱ्याकडे परत

आता प्रेषितांची कृत्ये २७ पुन्हा वाचा. पौलाने आधीच धोक्याची सूचना दिली होती; ती मानली गेली नाही. चौदाव्या रात्री खलाश्यांनी पाण्याची खोली मोजली : प्रथम वीस वाव, मग पंधरा. खडकांच्या भीतीने त्यांनी गलबताच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि ते उजाडण्याची वाट पाहत राहिले. नांगरांनी वादळ थांबविले नाही. गलबत शेवटी फुटलेच. परंतु ती रात्र निभावली, आणि गलबतावरील सर्व २७६ जण किनाऱ्याला लागले.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक आशेला जिवाचा नांगर म्हणतो, तेव्हा नांगर कशात शिरला आहे हेही तो सांगतो : पडद्याच्या आतील भागात, जेथे येशू आपल्यापुढे गेला आहे. आपण मात्र पुष्कळदा आपल्या पकडीचा जोर तपासतो. माझा विश्वास किती भारी आहे, असे आपण विचारतो. खलाशी आधी तळ विचारतो.

नोकरीसाठी गाव सोडून दिल्ली, नोएडा, गुडगावकडे आलेल्या अनेक कुटुंबांचे दिवस सध्या ओहोटीच्या शांत पाण्यासारखे असतील. साखळी मोजण्याची वेळ हीच आहे.

मननासाठी प्रश्न

१. माझी आशा कशात रुतली आहे : पगारात, मुलांच्या यशात, की देवाच्या वचनात?
२. माझी साखळी आजच्या पाण्यापुरती आहे, की येणाऱ्या भरतीलाही पुरेल?
३. कोणती झिजलेली कडी मला ठाऊक असूनही मी बदललेली नाही?
४. कोणती सूचना मी नांगराच्या भरवशावर दुर्लक्षित आहे?