ऑक्स म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या गॅदरिंगला मिक्सर माझ्या हाती आला तो माझ्या ज्ञानामुळे नव्हे. साउंडवाल्या काकांना जनरेटर बघायला जायचं होतं आणि शेजारी मी रिकामा उभा होतो. "एवढे फेडर सांभाळ, आलोच," म्हणाले आणि गेले. पुढच्या पाच मिनिटांत जी शिट्टी अख्ख्या हॉलने कानात बोटं घालून ऐकली, तिचा कर्ता मी.

झालं असं, की गाणारी मुलगी खुणेने सांगत होती, मला माझा आवाज येत नाहीये. मी तिच्या चॅनलचा फेडर वर सरकवला. पुन्हा खूण, पुन्हा फेडर वर. शेवटी मेन स्पीकरचा आवाज तिच्या माईकमध्ये शिरला, तिथून ॲम्प्लिफायर, तिथून परत स्पीकर. ऑसिलेटर चालायला लूप गेन किमान १ हवा, हे आपण व्हायवासाठी पाठ करतो. मी ते स्टेजवर करून दाखवलं.

तिला आवाज हवा होता तो पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून, आणि तिथे जाणारी वाट फेडरवरून जातच नव्हती. प्रत्येक चॅनलवर फेडरच्या वर 'ऑक्स १', 'ऑक्स २' असे नॉब असतात. ऑक्झिलरी म्हणजे पूरक. या बिचाऱ्या नावामुळेच आपण त्यांच्याकडे बघत नाही. खरं तर ऑक्स १ हा त्याच खोक्यातला दुसरा मिक्सर आहे. सगळ्या चॅनलचे ऑक्स १ नॉब आपापला वाटा एका वेगळ्या मिश्रणात टाकतात आणि ते मिश्रण 'ऑक्स सेंड' सॉकेटमधून मॉनिटरच्या ॲम्प्लिफायरकडे जातं. मेसच्या भाषेत सांगायचं तर भाजी तीच, पण सरांच्या पंक्तीसाठी वेगळ्या पातेल्यात, कमी तिखटाची. तिचा ऑक्स १ शून्यावर होता. काकांनी येऊन फेडर खाली घेतला, नॉब थोडा फिरवला, आणि मुलगी हसली. (माझ्याकडे बघून नाही.)

आता खरी गोम. ऑक्सची वाट फेडरच्या आधी फुटते की नंतर? आधी फुटली तर प्री-फेडर: फेडर कितीही हलवा, मॉनिटर ढिम्म. गायकाला हेच हवं असतं. नंतर फुटली तर पोस्ट-फेडर: फेडरबरोबर ऑक्सही कमी-जास्त होतो. हे एको-रिव्हर्बसाठी. चुकून रिव्हर्ब प्रीवर ठेवला, तर फेडर बंद केल्यावरही निवेदकाचं भूत विहिरीतून बोलत राहतं. बऱ्याच मिक्सरवर यासाठी छोटं बटण असतं. काहींवर ते कारखान्यातच ठरलेलं असतं. सुरू करण्याआधी स्वतः तपासा: माईकवर बोलत फेडर खाली घ्या आणि मॉनिटर ऐका.

शिट्टी मात्र मॉनिटरमधूनही येऊ शकते. नेहमीच्या कार्डिऑइड माईकला मागून सर्वात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर माईकच्या पाठीकडे ठेवतात. जाळी मुठीत धरून गाणारे हिरो हा सगळा हिशोब मोडतात.

घरच्या ॲम्प्लिफायरमागचं 'ऑक्स' सॉकेट वेगळं. ते इनपुट असतं, लाइन लेव्हलचं, म्हणजे साधारण ०.३ व्होल्टचं. माईक देतो काही मिलिव्होल्ट, म्हणून तो तिथे जोडला तर कुजबुजतो.

दुसरा घोटाळा डान्सच्या वेळी झाला. लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून स्टीरिओ केबल थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावली. संगीत आलं, गायक गायब! बॅलन्स्ड इनपुट जॅकच्या टोकावरच्या सिग्नलमधून मधल्या रिंगवरचा सिग्नल वजा करतं. आपण दिलं डावं वजा उजवं. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून उत्तर शून्य. एका बाजूला स्टीरिओ पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशी केबल घ्या आणि दोन चॅनल वापरा. आमच्या मुलांनी तेव्हा गाणं स्वतःच म्हणत डान्स पुरा केला.